आठ बल्ब, साडेसहा हजार वॅट

गणित बरोबर होतं! हे आधी डोक्यात नीट बसवून घ्या, मगच मी पुढचं सांगते. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, दशांशचिन्हसुद्धा जागच्या जागी. कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं होतं. एवढं बरोबर गणित करूनही एका बाईचं डोकं वांग्यासारखं झालं, एक काका नळीतून फुंका मारून मारून लालबुंद झाले आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं दुकान उघडायच्या आधीच बंद पडायची वेळ आली. यात गणिताची काय चूक, तुम्हीच सांगा!

बरं, पहिल्यापासून ऐका.

मी इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला, पहिल्या वर्षाला. थिअरीत वर्गात पहिली! प्रॅक्टिकल पुढच्या सत्रात आहे, पण ज्याला थिअरी येते त्याला प्रॅक्टिकल कशाला हवं, असं त्या सकाळपर्यंत माझं अगदी ठाम मत होतं. घरात मला सगळे खार म्हणतात, कारण मी एका जागी बसत नाही आणि दिसेल ते कुरतडते. मागच्या महिन्यात वाढदिवसाला बाबांनी मला मीटर घेऊन दिला. व्होल्टेज मोजा, रेझिस्टन्स मोजा, काय हवं ते मोजा! वर एक मोठा चिमटाही होता. तो मीटर खिळ्याला अडकवायला असावा असं मला वाटलं. त्या दिवसापासून मी घरातलं एकही यंत्र सोडलं नाही. इस्त्री झाली, मिक्सर झाला, बाबांची कानात घालायची मशीनसुद्धा मोजून झाली. शेवटी आई म्हणाली, "आता ही मला दोन टोकांना वायर लावायच्या आत हिला कुणीतरी बाहेर घेऊन जा!"

आणि नेमकी त्याच दिवशी ताईला माझी गरज पडली.

ताई केस कापते. म्हणजे नुसते कापत नाही हं, तिच्या हातात जादू आहे! सात वर्षं ती दुसऱ्याच्या पार्लरमध्ये उभी राहिली. तिथली मालकीण दिवसभर खुर्चीत बसून तिला नावं ठेवायची आणि गिऱ्हाईक दारात आलं की विचारायचं, "ती आहे ना आत? मग येते." शेवटी ताईने नोकरी सोडली आणि एका घराच्या तळमजल्यावरची खोली बघितली. मोठा आरसा, आरशाभोवती आठ बल्ब, एक खुर्ची, एक बेसिन. खोलीत उजेड म्हणून तेवढे ते आठ बल्बच. खिडकी होती, पण तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत. तरी ताईला ती खोली इतकी आवडली की ती रिकाम्या खुर्चीशीसुद्धा बोलायला लागली.

अडचण एकच. घरमालकीण काकू!

काकूंनी सगळी नोकरी कुठल्याशा कचेरीत लोकांचे अर्ज परत पाठवण्यात काढली, त्यामुळे 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडी फार शोभून दिसतो. त्या आणि काका वर राहतात. काकांचा एक फिश टँक आहे. मासे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आणि आख्खं घर, वर आणि खाली मिळून, एकाच सोळा अँपिअरच्या एमसीबीवर, म्हणजे आपोआप पडणाऱ्या खटक्यावर! खाली जरा जास्त वीज ओढली की खट्‌, वर माशांच्या हवेचा पंप बंद. आधीचा भाडेकरू झेरॉक्सवाला होता. त्याच्या मशीनने इतक्या वेळा लाइट घालवली, की काकांचे तीन मासे गेले. काका अजून त्या झेरॉक्सवाल्याचं नाव निघालं की चष्मा काढून पुसतात.

"हे बघ," काकू ताईला म्हणाल्या, "उद्या दिवसभर दुकान चालवून दाखव. पहिली गिऱ्हाईक मीच. संध्याकाळी माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी जमणार आहेत, तर केस रंगवून घेते. हलका तपकिरी. दिवसभरात लाइट गेली नाही, तर परवा करार. गेली, तर किल्ली माझ्या हातात. पटतंय?"

ताईचा चेहरा उतरला. तिने जुनी नोकरी सोडली होती, आणि जुन्या मालकिणीने जाताना "येशील परत!" असं हसत हसत ऐकवलेलं होतं. ती किल्ली परत द्यायची म्हणजे पुन्हा त्या बाईसमोर जाऊन उभं राहायचं.

मी म्हटलं, "ताई, तू काळजीच करू नकोस! मी सगळ्या वस्तूंची पॉवर काढून देते. कुठली वस्तू किती खाते ते कळलं की झालं. सोळा अँपिअर गुणिले दोनशे तीस व्होल्ट, म्हणजे तीन हजार सहाशे ऐंशी वॅट. त्याच्या आत राहायचं. एवढं सोपं!"

"मला एक अक्षर कळलं नाही," ताई म्हणाली.

"अगं, व्होल्टेज म्हणजे सकाळी मागून ढकलणारी आई. करंट म्हणजे कॉलेजला पळत निघालेली मी. आणि रेझिस्टन्स म्हणजे पांघरूण! पांघरूण जेवढं जाड, तेवढी मी हळू. आईचं ढकलणं भागिले पांघरूण, म्हणजे माझं पळणं. आणि आईचं ढकलणं गुणिले माझं पळणं, म्हणजे पॉवर!"

"मग तुझी पॉवर शून्य आहे," ताई म्हणाली. पण हसली. मला तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईच्याही आधी दुकानात हजर! ताईने मागून येऊन गीझर लावला, पाणी कडकडीत झालं आणि मी मीटर बाहेर काढला. आधी एक बल्ब होल्डरमधून काढला, मीटरची दोन टोकं लावली. रेझिस्टन्स पासष्ट. आता पॉवर. दोनशे तीस गुणिले दोनशे तीस, भागिले पासष्ट...

आठशे चौदा वॅट!

मी किंचाळले. ताईच्या हातातला कंगवा पडला.

"काय झालं?"

"ताई, हा बल्ब नाही, ही राक्षसीण आहे! एकटा बल्ब आठशे चौदा वॅट! आणि असे आठ! सहा हजार पाचशे बारा!" मी कॅल्क्युलेटर तिच्या नाकासमोर धरला. "अठ्ठावीस अँपिअर! तुझ्या आरशातच जाणार होतं सगळं!"

"अगं पण एवढासा बल्ब..."

"एवढासाच असतो डासही!"

मग मी बाकीच्यांकडे वळले. हेअर ड्रायर. प्लग काढला, पिनांना दोन्ही टोकं लावली. मीटरने काय दाखवावं? ओ.एल.! म्हणजे मोजण्याच्या पलीकडे. म्हणजे रेझिस्टन्स अनंत! आता कुठल्याही आकड्याला अनंताने भागलं की उत्तर काय? शून्य. ड्रायरची पॉवर शून्य! मी हूड ड्रायर मोजला, तो डोक्यावर टोपासारखा बसतो ना, तो. शून्य! टॉवेल गरम करायची पेटी. शून्य! गीझरचा प्लग काढून मोजला. तोही शून्य!

"शून्य?" ताई म्हणाली. "खारे, जुन्या पार्लरमध्ये हा ड्रायर लावला की पंखा हळू व्हायचा."

"तिथली वायरिंग जुनी असेल. ताई, ही नव्या जमान्याची यंत्रं आहेत! वीज न खाता काम करतात."

"नक्की ना?"

"ताई, हे गणित आहे. माझं मत नाही!"

खरं सांगू? मला एकदा वाटलं होतं की पाणी फुकटात कसं काय गरम होईल. पण उत्तर इतकं छान आलं होतं, की त्याला त्रास द्यावासा वाटेना.

मी एक पुठ्ठा घेतला. वर लाल अक्षरात लिहिलं, 'बल्ब : धोका!' खाली हिरव्या अक्षरात, 'ड्रायर, हूड, पेटी, गीझर : मनसोक्त वापरा.' भिंतीवर चिकटवला. मग आठातले सात बल्ब काढून पिशवीत भरले आणि एकच ठेवला. दुकान असं दिसायला लागलं, की कुणी आत आलं असतं तर केस कापायला नाही, जबाब द्यायला आलोय असं वाटलं असतं.

"मी रंग बघू कसा?" ताई म्हणाली.

"डोळ्यांनी!"

तेवढ्यात काकू आल्या. दारातच थबकल्या. "एवढा अंधार का?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वातावरण आहे, काकू! मोठ्या पार्लरमध्ये असंच असतं. डोळ्यांना आराम."

"मला खुर्ची दिसत नाहीये."

"आरामच तो!"

काकू चाचपडत बसल्या. ताईने त्या एकुलत्या बल्बखाली तपकिरी ट्यूब शोधली, वाटीत रंग कालवला आणि मागच्या बाजूने लावायला घेतला. काकूंचे केस म्हणजे काय सांगू, झाडू करायचा म्हटला तर तीन होतील! आख्खी वाटी मागच्या अर्ध्या डोक्यातच संपली.

"मला गार वाटतंय," काकू म्हणाल्या.

मला हेच हवं होतं! मी टॉवेलची पेटी लावली, गरम टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला. हूड ओढून डोक्यावर बसवला आणि चालू केला. बेसिनसाठी गीझर चालू. काकूंचे पाय गार पडले होते, म्हणून मी खाली बसून त्यांच्या तळपायांवर हेअर ड्रायर धरला.

"अगं, किती वीज जातेय ही!" काकू म्हणाल्या.

"शून्य!" मी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "सगळं मिळून शून्य, काकू! हवं तर अजून एक टॉवेल घ्या!"

काकूंच्या चेहऱ्यावर, आख्ख्या कचेरीने कधी बघितलं नसेल असं, समाधान पसरलं. त्यांनी डोळे मिटले.

खट्‌!

सगळं बंद. आणि वरून, जिन्यातून, काकांचा आवाज. "मासे! अगं माझे मासे! हवा गेली!"

काकूंनी डोळे उघडले. "लाइट गेली."

"गेली नाही, काकू! दमली!" मी म्हटलं आणि बोर्डाकडे धावले. खटका वर केला. "तो एक बल्ब उरला होता ना, त्याचं काम हे. आठशे चौदा वॅट! मी म्हटलंच होतं!" आणि मी तो शेवटचा बल्बही टॉवेलने धरून काढला.

आता दुकानात काहीच दिसेना. हूड मात्र डोक्यावर घोंघावतच होता. जिन्यातून काका ओरडले, "आली गं आली! बुडबुडे आले!"

"खारे," ताई दबक्या आवाजात म्हणाली, "माझी दुसरी वाटी कालवायची आहे. पुढचं अर्धं डोकं तसंच आहे."

"मोबाइल!"

ताईने मोबाइल दातात धरला. बॅटरी संपत आलेली, त्यामुळे उजेड काजव्याने आजारपणात द्यावा तेवढाच. त्या ट्यूबांचं असं असतं, सगळ्या एकसारख्या, नुसत्या टोपणाचा रंग वेगळा. आणि त्या उजेडात सगळी टोपणं एकाच रंगाची. ताईने एक ट्यूब उचलली, पिळली, कालवली, लावली. "झालं," ती दातांतल्या मोबाइलच्या फटीतून म्हणाली.

मी आपली पुन्हा पायांवर ड्रायर.

थोडा वेळ गेला. मी मनात नुकतीच म्हणत होते, बघा, बल्ब काढला आणि कसं सगळं सुरळीत...

खट्‌!

"मासेऽऽ!"

अंधारात ताईचा आवाज आला. अगदी शांत. ताई शांत झाली की मला जास्त भीती वाटते. "खारे. आता तर एकही बल्ब नाही. मग काय गेलं?"

प्रश्न चांगला होता. आणि माझ्याकडे संशयित होता! खाली सगळं शून्य. म्हणजे चोर वरचा!

"फिश टँक!" मी म्हटलं आणि काकूंनी काही म्हणायच्या आत मीटर घेऊन जिना चढले.

वर काका टँकवर ओणवे झाले होते. तोंडात एक लांब नळी, नळीचं दुसरं टोक पाण्यात, आणि फुंकर मारतायत जिवाच्या आकांताने. गाल असे फुगलेले, की मासेच काचेतून त्यांच्याकडे बघत होते.

"काका, पंप मोजायचा आहे!"

त्यांनी नळी सोडली नाही. नुसते डोळे मोठे केले.

"तुमचा टँक वीज खातोय, काका! त्याच्यामुळे लाइट जातेय!"

आता नळी निघाली. "माझा टँक? पोरी, तो झेरॉक्सवालाही हेच म्हणायचा!" आणि लगेच नळी परत तोंडात. मासे थांबत नाहीत ना.

मी पंपाचा प्लग काढला, टोकं लावली, भागाकार केला. एकवीस वॅट. गुन्हेगार म्हणून अगदीच फालतू! एवढ्यात धड एक पंखासुद्धा फिरणार नाही, एमसीबी तर नक्कीच पडणार नाही. मी प्लग परत लावला आणि मान खाली घालून निघाले.

खाली येऊन मी दाराशी, जिथे जरा उजेड होता तिथे, पायरीवर बसले. ड्रायर घेतला. म्हटलं, एकदा परत मोजून बघू. प्लगच्या पिनांना टोकं लावली. ओ.एल. अनंत. शून्य. सगळं सकाळसारखंच. मी ड्रायर या हातातून त्या हातात घेतला आणि अंगठा लागला त्याच्या बटणावर.

मीटर म्हणाला, एकोणतीस.

मी बटण बंद केलं. ओ.एल.! चालू केलं. एकोणतीस! बंद, चालू, बंद, चालू. अहो, बटण बंद असताना आतली वायर तुटल्यासारखीच ना! मग मीटर अनंतच दाखवणार! मी चारही यंत्रांची पॉवर ती झोपलेली असताना मोजली होती! एखादा माणूस पांघरुणात असताना त्याला विचारायचं, तू दिवसाला किती काम करतोस? आणि तो घोरतोय म्हणून लिहायचं, शून्य! आणि गीझर? पाणी गरम झालं की तो आपणहून आतून बंद होतो, हे मला ताईने त्याच सकाळी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. लिहिलं नव्हतं, म्हणून राहिलं.

ड्रायर एकटाच अठराशे चोवीस. गीझर वर्गातल्या उदाहरणासारखा धरला तरी दोन हजार. हूड, पेटी... सहा हजाराच्या घरात! एवढे वॅट मी काकूंच्या अंगावर ओतले होते, शिवाय पायांवर!

मी आत गेले. ताईने तेवढ्यात गीझरच्या उरल्यासुरल्या पाण्याने, हाताच्या अंदाजाने, काकूंचे केस धुऊन घेतले होते. काकू टॉवेल गुंडाळून अंधारात ताठ बसल्या होत्या.

"ताई," मी म्हटलं, "बल्बचं नाही. बाकी सगळ्यांचं. मी बंद असताना मोजलं."

मग काकू म्हणाल्या, "किल्ली."

फक्त एवढंच. एक शब्द. आणि अंधारात मला ऐकू आलं, ताईने ड्रॉवर उघडला, किल्ली काढली आणि हात पुढे केला. तिने वाद घातला नाही, रडली नाही. ठरलं होतं ना तसं. मला तिचा चेहरा दिसत नव्हता आणि दिसत नव्हता तेच बरं, असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"काकू, थांबा!" मी मध्ये घुसले. "ताईची काहीच चूक नाही! लाइट तिने नाही घालवली, मी घालवली! मला एकदा नीट मोजू द्या. वस्तू चालू असताना. तुमच्या समोर. मग किल्ली घ्या!"

"तू," काकू म्हणाल्या, "अजून मोजणार आहेस?"

"एकदाच!"

काकूंनी मोठा श्वास घेतला. "ओल्या केसांनी मी जिन्यातसुद्धा जात नाही. मोज."

आता चालू वस्तूतून करंट किती जातो ते मोजायचं कसं? मी मीटर उलटापालटा केला आणि तेव्हा कुठे त्या चिमट्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं. ए. म्हणजे अँपिअर! तो खिळ्याला अडकवायला नव्हता हो! तो वायरीभोवती लावायचा होता! एका वायरीभोवती लावा, आणि तिच्यातून किती करंट वाहतोय ते समोर! जुन्या वायरिंगचा एक फायदा, बोर्डावरून दोन वायरी वेगवेगळ्या उघड्याबोडक्या भिंतीवरून गेल्या होत्या. वर प्लास्टिक शाबूत होतं, नाहीतर ही गोष्ट दुसऱ्या कुणीतरी सांगितली असती.

खटका वर केला. सगळं बंद ठेवलं, काकांनाही वरचा पंप मिनिटभर बंद ठेवायला लावला. एका वायरीभोवती चिमटा लावला, आणि पिशवीतून एक बल्ब काढून बोर्डाजवळच्या रिकाम्या होल्डरमध्ये बसवला. इतका वेळ अंधारात बसून आम्हा तिघींचे डोळे दिपले. मीटर म्हणाला, शून्य पॉइंट सव्वीस अँपिअर.

"दोनशे तीस गुणिले शून्य पॉइंट सव्वीस..." मी कॅल्क्युलेटर दाबला. "साठ?"

परत दाबला. साठ! आठशे चौदा कुठे, साठ कुठे! आणि रेझिस्टन्स? दोनशे तीस भागिले शून्य पॉइंट सव्वीस, आठशे पंच्याऐंशी! सकाळी तर हाच पासष्ट होता!

"असं कसं? हा बल्ब बदलला का कुणी?" आणि मी त्याला हात लावला. "आईऽऽगं!"

"तापलाय तो," ताई म्हणाली. "सकाळी गार होता."

झालं! डोक्यात आठ बल्ब पेटले! पुस्तकात होतं की हे! तार तापली की रेझिस्टन्स वाढतो! गार बल्ब मोजून मी त्याला राक्षसीण ठरवलं होतं आणि तापल्यावर ती आपली साठ वॅटची गरीब गाय!

"खारे," ताई बल्बकडे निरखून बघत म्हणाली, "हे काय लिहिलंय?"

"कुठे?"

"इथे. काचेवर. साठ."

मी वाकून बघितलं. साठ वॅट. दोनशे तीस व्होल्ट. सुबक अक्षरात. ताईने ड्रायर उचलला, दांडा उजेडात धरला. "आणि यावर अठराशे लिहिलंय."

काकू म्हणाल्या, "म्हणजे मोजायचंच नव्हतं. वाचायचं होतं."

मी न ऐकल्यासारखं केलं. अशा वेळी माणसाने कामात राहावं! मी पिशवी उघडली, धडाधड उरलेले सात बल्ब आरशाभोवती बसवले, आठवाही टॉवेलात धरून तिथेच नेऊन लावला आणि स्विच दाबला. आरसा असा झळाळला, की काय सांगू! मी बोर्डाकडे पळाले.

"दोन पॉइंट एक! काकू, बघा, आठही बल्ब मिळून फक्त दोन पॉइंट एक अँपिअर! चारशे ऐंशी वॅट! काकू, बघा ना!"

काकू बघत होत्या. मीटरकडे नाही. आरशाकडे.

टॉवेल सुटून खांद्यावर आला होता. मागचं अर्धं डोकं छान, सभ्य, हलकं तपकिरी. आणि पुढचं अर्धं वांगी! तेही साधंसुधं नाही, चकाकतं, ताजं, नुकतं पाणी मारून टोपलीत वर रचून ठेवल्यासारखं वांगी!

माझ्या आयुष्यातलं पहिलं बरोबर मोजमाप, आणि त्याच्या उजेडात हे दिसावं!

काकूंचा हात वर गेला, केसांना लागायच्या आधीच थांबला. तोंड उघडलं, मिटलं. वर काकांच्या फिश टँकमध्येही असंच चाललं असणार. शेवटी त्या म्हणाल्या, "संध्याकाळी... सगळ्याजणी..."

मला वाटलं, आता ताई रडणार. पण ताई आरशाजवळ गेली. काकूंच्या केसांची एक बट उजेडात धरली, दुसरी धरली, आणि तिचा आवाजच बदलला. खुर्चीमागे उभी राहिली की बदलतो तो आवाज.

"काकू, हे दुरुस्त होतं. यावर गडद तपकिरी चढवला की पुढचं-मागचं सारखं होईल. दोन तास लागतील. मला हे सगळे दिवे हवेत, आणि एका वेळी एकच यंत्र." तिने हात पुढे केला. तळहातावर किल्ली. "नाहीतर ही घ्या. ठरलंच होतं. मी आत्ता निघते."

काकूंनी किल्लीकडे बघितलं. मग आरशात बघितलं. मग किल्लीकडे. कचेरीत एवढ्या वर्षांत एकही अर्ज असा समोर आला नसेल.

"बंद कर तो हात," त्या म्हणाल्या. "आणि रंग कालव."

पुढचे दोन तास, शप्पथ, मी एका जागी उभी राहिले! माझ्या आईला सांगितलं तर खोटं वाटेल. चिमटा वायरीला आणि डोळे मीटरला. ताईने हूड लावला की मी ओरडायचे, "सात पॉइंट तीन!" हूड बंद करून ड्रायर लावला की "दहा!" वर काकांनी कपाटाजवळचा पंखा लावला तरी मला कळायचं. "काका, पंखा!" मी खालून ओरडायचे आणि वरून आवाज यायचा, "बंद केला गं!" गीझर आणि ड्रायर एकत्र लावायला मी मेले तरी दिलं नसतं. लाइट एकदाही गेली नाही. आणि काकू उठल्या तेव्हा त्यांचे केस असे दिसत होते, की त्यांनी आरशात एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून, आणि मग कुणी बघत नाही असं समजून एकदा हसून.

जाताना त्या किल्लीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. ताईने ती रात्रभर उशाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी करार. काकूंनी सगळा स्वतः लिहून आणला होता, चष्मा नाकावर घेऊन वाचायला लागल्या. भाडं, पाणी, झाडलोट, सगळं ठीक. मी ताईच्या खुर्चीच्या दांडीवर बसून माना डोलावत होते. मग आलं कलम सात.

"सदर जागेत विजेची यंत्रे एका वेळी एक, याप्रमाणे चालतील," काकूंनी वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "भाडेकरूची धाकटी बहीण चालणार नाही."

मी म्हटलं, "काकू! अहो पण शेवटी मीच तर... ताई, सांग ना यांना! दोन तास उभी होते मी! ताई, तू अशी सही करू नकोस हं, आधी आपण यावर..."

ताईने सही केलीसुद्धा! पेनचं टोपण काढलेलंच होतं तिचं!

तर आता मला उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. म्हणून मी आपली पायरीवर बसून तुमच्यासारख्यांना हे सांगत असते. ताई आतून हात हलवते कधीकधी. अरे, सरका जरा सगळे, वाट द्या, गिऱ्हाईक येतंय!